आईचं शेवटचं वाक्य

माझ्या वडिलांना गावात नावाने कोणी ओळखत नसे. ते 'म्हणजे-काय सर' होते. कॉलेजात ते तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच त्यांचा प्रश्न यायचा, "म्हणजे काय?" भाजीवाल्याने "ताजी आहे साहेब" म्हटलं तरी. रस्त्यावरून जाताना पोरं मागून ओरडायची, "म्हणजे काय!" बाबा थांबून, वळून, त्यातल्या एखाद्याला पकडून विचारायचे, "तू हा प्रश्न विचारतोयस की नुसता आवाज काढतोयस?" पोरगं हात सोडवून पळायचं.

त्यांच्या विषयाला दर वर्षी मुलं कमी येत गेली. आधी त्यांचा विभाग होता, मग एक खोली, शेवटी ग्रंथालयात दोन कपाटांच्या मागे एक टेबल. प्राचार्यांनी त्यांच्याकडे परीक्षेची बैठक व्यवस्था दिली. कुठला विद्यार्थी कुठल्या बाकावर, हे ते असं काही लावायचे की वर्षानुवर्षं कोणाला कोणाची कॉपी करता आली नाही. मुलं त्यांचा राग राग करायची ती तत्त्वज्ञानापायी नव्हे, या बाकांपायी.

आई औषधांच्या दुकानात कामाला होती. बुटकी, दम्याची, आणि जिभेला हाड नसलेली. गिऱ्हाईक खोकत आलं की म्हणायची, "बिडी सोडा, हे औषध मी विकते म्हणून सांगते, उपयोग नाही त्याचा." मालक कपाळाला हात लावायचा. तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. आईवडील लवकर गेले तेव्हा तिनेच त्याला वाढवला, आणि लग्न झाल्यावर तो सामानाबरोबर आला तसा आमच्या मागच्या खोलीत राहिला. विमा कंपनीत कारकून होता आणि कविता करायचा.

बाबा आणि मामा म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. लोक म्हणतात मेहुणे-मेहुणे एकमेकांची थट्टा करतात. इथे थट्टा नव्हती. जेवताना मामा नवी ओळ म्हणून दाखवायचा, बाबा घास तसाच हातात धरायचे.

"'दिवा विझताना अंधार रडला.' म्हणजे काय?"

"म्हणजे तेच, भाऊजी."

"दिवा होता तोवर अंधार नव्हता. जो नव्हताच तो विझताना रडला कसा?"

"फुलाला विचारता का तुम्ही, म्हणजे काय म्हणून?"

"फूल काही सांगत नाही. तू सांगतोयस. सांगणाऱ्याला विचारायचं नाही तर कोणाला विचारायचं?"

मामाचा चेहरा लाल व्हायचा. तो म्हणायचा, "तुमच्या कॉलेजात तुमच्याकडे कोणी फिरकत का नाही, ते कळतंय मला." बाबा म्हणायचे, "हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही." आई ताटात वाढता वाढता दोघांवर ओरडायची, "गिळा आधी!"

मामाचा पहिला संग्रह निघाला तेव्हा गावात बरंच कौतुक झालं. त्याच वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात बाबांचा लेख आला: 'एका कवितासंग्रहातील तर्कदोष'. त्यांनी एकेक ओळ उचलून, तिच्यात काय गृहीत धरलंय, कुठे घोटाळा आहे, कुठे पहिली ओळ तिसरीला खोटं पाडते, हे शांतपणे मांडलं होतं. एकही कडवट शब्द नव्हता, त्यामुळे ते जास्तच झोंबलं. विमा कंपनीतल्या लोकांनी तो लेख जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचला, हसून हसून एकाला ठसका लागला. संध्याकाळी मामा घरी आला आणि त्याने तो अंक बाबांच्या ताटात ठेवला, वाढलेल्या जेवणावर.

"जेवा भाऊजी. पोट भरेल."

"यातलं एक वाक्य चुकीचं दाखव," बाबा म्हणाले.

"एकही चुकीचं नाही. म्हणून तर तुमच्यासारखा नीच माणूस मी पाहिला नाही."

त्याच आठवड्यात मामा घर सोडून गेला. आई बरेच दिवस बाबांशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "हा खरं बोलतो आणि माणसं घालवतो. तो खोटं बोलतो आणि माणसं जमवतो. आणि दोघांचे डबे मीच भरायचे." ती मामाला रोज दुकानातून डबा पाठवायची. बाबांना ते माहीत होतं. त्यांनी त्याबद्दल मात्र कधी 'म्हणजे काय' विचारलं नाही.

पुढे आईला स्वादुपिंडाचा आजार निघाला. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेलं, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या पाहूनच तिला कळलं की आता हे नुसतं दुखणं दाबायचं काम आहे. इस्पितळात बाबा तिचं सगळं करायचे. भांडं द्यायचे, कूस बदलून द्यायचे, ओठांना ओला बोळा लावायचे. हे सगळं ते बैठक व्यवस्था लावावी तसं न बोलता, न चुकता करायचे. मामा यायचा, पायाशी बसायचा, रडायचा, मग काहीतरी नक्कल करून तिला हसवायचा आणि जायचा. तो गेला की आई जरा बरी दिसायची. बाबांनी ते पाहिलेलं होतं. तळपायाची आग मस्तकात जात असणार, पण ते चादर नीट करत राहायचे.

एकदा दोघंही खोलीत असताना आईने बाबांना विचारलं, "अहो, मेल्यावर काय होतं?"

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले.

"इतकी वर्षं पगार कशाचा घेतलात मग?" ती मामाकडे वळली. "तू सांग रे."

मामाने सांगितलं. एक मोठं पटांगण असतं, सकाळची वेळ असते, कोणालाच दम लागत नाही, लवकर गेलेले त्यांचे आई-आप्पा कडेला बसलेले असतात आणि म्हणतात, किती उशीर केलास. आई डोळे मिटून ऐकत राहिली.

"खोटं बोलतोयस ना?" तिने विचारलं.

"हो, ताई."

"बरं वाटलं पण."

बाबा उठून बाहेर गेले. मी त्यांच्यामागे गेले तर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "तिने मला विचारलं. मला. आणि मी खरं उत्तर दिलं." एवढंच.

आई गेली ती दुपारी. त्या खोलीची खिडकी इस्पितळाच्या स्वयंपाकघरावर उघडायची. तिथून दिवसभर तळणाचा वास यायचा, आणि आईला त्या वासाने मळमळायचं. बाबांना हवा लागायची म्हणून ती अर्धी उघडी होती. मी आईचे पाय चोळत होते. तिचा श्वास घरघरत होता. मध्येच ती एकदम स्पष्ट म्हणाली, "खिडकी लावा हो. किती वेळा सांगायचं?" बाबा उठले. खिडकीची कडी घट्ट होती, गंजलेली. ते दोन्ही हातांनी ती ओढत होते. कडी बसली, ते वळले, आणि आई गेलेली होती. ती गेली तेव्हा त्यांची पाठ तिच्याकडे होती.

मामा नंतर धावत आला. व्हरांड्यातच त्याने विचारलं, "भाऊजी, काय म्हणाली शेवटी?"

"खिडकी लावा, म्हणाली. किती वेळा सांगायचं, म्हणाली."

मामा त्यांच्या गळ्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचंच. बाबा हात खाली सोडून उभे राहिले.

काही महिन्यांनी मामाची कविता एका दिवाणखान्यात वाचली गेली, मग मासिकात आली, मग सगळीकडे झाली. तिचं पहिलं कडवं असं:

*खिडकी उघड म्हणाली ताई,*
*आकाश आत येऊ दे;*
*एवढंच सामान माझं,*
*तेवढं सोबत नेऊ दे.*

लोकांनी ती आपापल्या मेलेल्या माणसांसाठी म्हटली. शोकसभेत म्हटली, कार्डांवर छापली, एका गायकाने चाल लावली. इस्पितळातल्या एका परिचारिकेने ती वॉर्डात फ्रेम करून लावली, ज्या वॉर्डाच्या खिडकीतून अजूनही तळणाचा वास येतो तिथेच. अनोळखी बायका बाबांना रस्त्यात थांबवून म्हणायच्या, "किती भाग्यवान होता तुम्ही! काय शब्द बोलून गेल्या!" बाबा म्हणायचे, "ती असं म्हणाली नाही. ती म्हणाली खिडकी लावा." बायकांचा चेहरा उतरायचा. एकीने तर तोंडावर सांगितलं, "तुम्हाला भावना म्हणून काही नाहीच का हो?"

मी त्यांना म्हटलं, "बाबा, कानाला खडा लावा. कशाला सांगत बसता?"

"मग काय, हो म्हणू?"

"काहीच म्हणू नका."

"गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच."

मग नगर सभागृहात मामाचा सत्कार झाला. आयोजकांनी बाबांनाही व्यासपीठावर बसवलं, 'त्या ताईंचे पती' म्हणून. जाऊ नका म्हणून मी बाबांच्या हातापाया पडले. ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. मामाने कविता म्हटली, सभागृहात हुंदके ऐकू आले. मग सूत्रसंचालकाने माइक बाबांपुढे धरला. दोन शब्द बोला सर.

बाबा म्हणाले, "या कवितेतली पहिली ओळ खोटी आहे. माझी पत्नी खिडकी लावा असं म्हणाली होती. ज्याने ही ओळ लिहिली त्याला मी त्याच दिवशी हे सांगितलं होतं. तेव्हा ही चूक नाही. चूक नकळत होते."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "बसा खाली!" दुसरा ओरडला, "म्हणजे काय!" आणि सगळे हसले. मामाने माइक घेतला.

"भाऊजी, ती तुमच्या घरात अख्खं आयुष्य खिडकी उघडा, खिडकी उघडा असंच म्हणत होती. तुम्हाला ऐकू आलं नाही. मला आलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांनी टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मग तसं लिही," ते म्हणाले. "आयुष्यभर म्हणत होती, असं लिही. मी मान खाली घालून ऐकेन. मरताना म्हणाली, असं लिहू नकोस. तिचं मरण तरी तिचं राहू दे."

हे कोणी ऐकलं नाही. लोक उभे राहून ओरडायला लागले होते. एकाने पाण्याची बाटली भिरकावली, ती त्यांच्या खांद्याला लागली. मी त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं. जाताना मला त्या दोघांचाही सारखाच राग येत होता. आई मेली तेव्हा तिचे पाय चोळणारं तिसरं माणूसही त्या खोलीत होतं, हे दोघांपैकी एकालाही आठवत नव्हतं.

त्यानंतर आईच्या माहेरच्या भाऊबंदांनी आमच्याशी संबंध तोडले. कॉलेजातल्या लोकांनी बाबांना चहाला बोलावणं सोडलं. आणि कविता शाळेच्या पुस्तकात गेली.

ती माझ्या मुलीलाच अभ्यासाला आली. पाठ करता करता तिने विचारलं, "आजोबा, आजी खरंच असं म्हणाली?" आजोबांनी खरं ते सांगितलं. परीक्षेत प्रश्न आला, 'ताईंची शेवटची इच्छा कोणती?' पोरीने लिहिलं, 'खिडकी लावणे, कारण बाहेरून तळणाचा वास येत होता.' शून्य. मी तिला दोन धपाटे दिले आणि बाबांना म्हटलं, "आता माझ्या लेकीचंही वाटोळं करा!" बाबांनी चपला घातल्या आणि शाळेत गेले. मीही मागोमाग.

बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, समोर वह्यांचा ढीग होता. म्हणाल्या, "आजोबा, पुस्तकात आहे तेच उत्तर."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"असाल. पण तुम्ही कवितेत नाही."

बाईंनी हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. त्या गुण कसे द्यायचे तेवढंच सांगत होत्या. पण सभागृहातली बाटलीसुद्धा लागली नव्हती इतकं बाबांना हे लागलं. खरंच, त्या अख्ख्या कवितेत ते कुठेच नव्हते. खोली होती, आकाश होतं, भाऊ होता, ताई होती. कडी ओढणारा माणूस नव्हता.

मग ते स्वतः लिहायला बसले. कविता नव्हे. आईबद्दल खरं ते, ओळीने. बऱ्याच दिवसांनी मला बोलावून वाचून दाखवलं. 'तिची उंची सरासरीपेक्षा कमी होती. ती औषधांच्या दुकानात काम करत असे. तिला दमा होता. ती वारंवार रागावत असे, आणि तिच्या रागाला बहुतेक वेळा पुरेसं कारण असे.'

मी हसले.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"या एका वाक्यात आई आहे, बाबा. बाकीच्यात नाही."

"बाकीचं खोटं आहे?"

"नाही. सगळं खरं आहे."

"मग त्यातून ती गेली कुठे?"

त्यांनी कागद घडी करून ठेवले. "तुझ्या मामाला विचारायला जाऊ नकोस," ते म्हणाले, आणि पुन्हा त्यांनी काही लिहिलं नाही.

मामा म्हातारा झाला. एका वाचनालयाच्या कार्यक्रमात त्याला नेहमीसारखी तीच कविता म्हणायला लावली. मी तिथे होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "खिडकी लाव म्हणाली ताई..." पुढच्या रांगेतून लगेच दोघं-तिघं म्हणाले, "उघड! उघड!" मामा थांबला. पुन्हा म्हणाला, "खिडकी लाव..." आता सगळं सभागृह मायेने सांगायला लागलं, "उघड, काका, उघड!" लोकांना वाटलं म्हातारा विसरतोय. एक बाई उठली आणि तिने त्याच्या वतीने सुरुवात केली, मग सगळ्यांनी मिळून अख्खी कविता म्हटली. मामा मध्ये उभा होता, तोंड मिटून. शेवटी सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

जिन्यात तो मला म्हणाला, "भाऊजींना सांगू नकोस."

मी घरी जाऊन सांगितलं. बाबा आरामखुर्चीत होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"दुसऱ्या ओळीचं काय केलं त्याने?" त्यांनी विचारलं. "खिडकी लावल्यावर आकाश आत कसं येणार?"

"बाबा!"

"भित्रा आहे तो. त्या दिवशी सभागृहात म्हणायला हवं होतं. आता काय उपयोग? आता ती ओळ त्याची राहिलीच नाही."

"तुम्हाला जरासुद्धा बरं वाटलं नाही?"

ते खूप वेळ विचार करत राहिले. त्यांच्याकडे प्रश्न गेला की ते खरंच विचार करायचे, ही एक गोष्ट मला त्यांची आवडायची. "वाटलं," ते म्हणाले. "पण त्याने काही सिद्ध होत नाही."

बाबा त्याच वर्षाच्या शेवटी गेले. झोपेतच गेले, काही न बोलता. कॉलेजने छोटी शोकसभा ठेवली. लोक आले होते ते मामासाठी. एवढ्या वर्षांचं वैर, आता म्हातारा मेहुण्यावर कविता म्हणेल, सगळं विसरून, अशी त्यांची समजूत. कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरणही सुरू केलं होतं.

मामा काठी टेकत उठला.

"मला हा माणूस कधी आवडला नाही," तो म्हणाला. "त्यालाही मी आवडलो नाही, आणि आवडतो असं तो कधी म्हणाला नाही. एकदा तरी खोटं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने खिडकी लावली, तेव्हा माझी ताई गेली. लावायला तीच म्हणाली होती. एवढंच मला माहीत आहे."

तो खाली बसला. लोक वाट पाहत राहिले. एकाने हळूच सुचवलंसुद्धा, "कविता, काका?" मामाने मान हलवली. मग खुर्च्या सरकल्या, चहा आला.

मी त्याला रिक्षापर्यंत पोचवायला गेले. तो म्हणाला, "नीट बोललो ना गं?" मी म्हटलं, "बाबांच्या शोकसभेतसुद्धा तुला स्वतःला कशाने बरं वाटलं असतं तेच सांगितलंस." रिक्षावाल्याने मीटर टाकला. त्यानंतर मामा आमच्याकडे आला नाही, आणि मीही त्याला बोलावलं नाही.